खिरीचा सण, बिरड्याचा सण : बेने इस्रायलांचे मराठी पंचांग

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात, १८७९ साली उभे राहिलेले एक सिनेगॉग आहे. 'शाआर हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचे दार, असे त्याचे हिब्रू नाव. शहापूर-मुरबाडकडून कोर्टाच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाला ठाण्याला येणाऱ्या किती तरी माणसांनी ही वास्तू बाहेरून पाहिली असेल. टेंभी नाका म्हटले की जिल्ह्यातल्या कोणालाही आठवतो तो तिथला नवरात्रोत्सव. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटस्थापना होती. त्याच दिवशी ज्यूंचे नवे वर्षही सुरू झाले. एका बाजूला देवीची प्रतिष्ठापना आणि हाकेच्या अंतरावर 'शोफार' नावाचे मेंढ्याचे शिंग फुंकून नववर्षाची प्रार्थना, असा तो दिवस होता. २०२२ मध्येही दोन्ही गोष्टी २६ सप्टेंबरलाच आल्या. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला झाली आणि त्याच संध्याकाळी ज्यूंचे नववर्ष लागले.

हा योगायोग नाही. त्यामागे गणित आहे. त्या गणितात बेने इस्रायल समाजाच्या इतिहासातल्या एका जुन्या प्रश्नाचे उत्तर दडलेले असावे, असे मला वाटते. प्रश्न असा : ज्या समाजाजवळ कित्येक शतके धर्मग्रंथ नव्हता, पुरोहित नव्हता, हिब्रू वाचता येणारा माणूस नव्हता, त्याने आपले सण नेमक्या तिथींना कसे सांभाळले?

नवगावचा किनारा आणि शनवार तेली

बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज जहाजाने येत असता अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावला मूठमाती दिली गेली; ते उंचवटे आजही दाखवतात. वाचलेल्यांच्या पोथ्या समुद्रात गेल्या. हे केव्हा घडले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवहून छापल्या गेलेल्या ग्रंथात हा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपासचा मानला. इतर अभ्यासक तो बराच अलीकडे आणतात.

काळाचा वाद बाजूला ठेवला तरी पुढचे चित्र स्पष्ट आहे. ही माणसे कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावागावांत पसरली. त्यांनी घाणे घातले, तेल काढले, शेती केली. गावावरून आडनावे घेतली : किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चेऊलकर. घरात मराठी, बाहेर मराठी. नावे सुद्धा हसाजी, समाजी अशी झाली. शेजाऱ्यांना त्यांचे वेगळेपण जाणवले ते शनिवारी. त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. मोशेच्या धर्मशास्त्रात शब्बाथाची विश्रांती माणसाला आहे तशी जनावरालाही आहे, त्यामुळे घाण्याचा बैलही त्या दिवशी सुटा. गावाने त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. म्हणजे या समाजाची पहिली ओळख त्याच्या देवावरून किंवा ग्रंथावरून पडली नाही. आठवड्यातून एक दिवस थांबणाऱ्या घाण्यावरून पडली.

१७३८ मध्ये सार्टोरियस नावाच्या एका मिशनऱ्याने मद्रासहून लिहिलेल्या पत्रात या लोकांचा उल्लेख सापडतो. त्यांच्याजवळ बायबल नाही, हिब्रू समजत नाही, 'शेमा' ही एकच प्रार्थना त्यांना ठाऊक आहे, असा त्याचा आशय आहे. शेमा म्हणजे 'ऐक'. देव एकच आहे, हे इस्रायलाला ऐकवणारी ती प्रार्थना. मुलाची सुंता असो, लग्न असो की मयत असो, प्रत्येक प्रसंगी तीच एक म्हणायची. सबंध धर्माचे पाठांतर त्या एका प्रार्थनेत उरले होते.

सणांची मराठी नावे

केहिमकरांनी आपल्या समाजाचे जुने सण नोंदवले आहेत. त्यांची नावे वाचताना कोकणातल्या कुठल्याही घरातल्या आजीची आठवण यावी.

वर्षाचा पहिला सण 'नव्याचा सण'. हिब्रू तिश्री महिन्याची पहिली तिथी, म्हणजेच जगभरचे ज्यू ज्याला रोश हशाना म्हणतात तो नववर्षदिन. इतरत्र तो दोन दिवस पाळतात; बेने इस्रायल एकच दिवस पाळत.

तिश्रीच्या चौथ्या दिवशी 'खिरीचा सण'. नव्या तांदळाची, नारळाच्या दुधातली, गूळ घातलेली खीर करायची, धूप जाळायचा, शेमा म्हणायची आणि खीर खायची. या तिथीला खीर खाण्याचा सण जगातल्या इतर ज्यूंकडे नाही. तिश्रीच्या पंधराव्या दिवशी येणाऱ्या सुक्कोथ या सुगीच्या सणाची पुसट आठवण त्यात राहिली असावी.

दहाव्या दिवशी 'दारफाळणीचा सण'. घराची दारे लावून आत बसायचे, पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा, परक्याचा स्पर्श टाळायचा. हा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण' : दारे उघडायची, गोरगरिबांना दानधर्म करायचा, एकमेकांच्या घरी जायचे.

फाल्गुनाच्या सुमारास येणारा पुरीम यांच्याकडे 'होळीचा सण' झाला. चैत्रात येणारा पेसाह म्हणजे वल्हांडण, तो 'अनाशी ढाकण्याचा सण'. अनास हे आंबट कालवणाचे भांडे. सणाच्या दिवसांत ते झाकून ठेवायचे. आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन, आव महिन्याची नववी तिथी, तो 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालांचे बिरडे जेवणात असे. यांखेरीज तिश्रीच्या आधीच्या एलूल महिन्यातल्या उपासांना ते 'रमजान' म्हणत.

या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. नावांत कुठेही इजिप्त नाही, मोशे नाही, एस्तेर राणी नाही, जेरुसलेम नाही. सण का करायचा याची कथा गळून गेली आहे. उरले आहे ते काय खायचे, काय झाकायचे आणि कोणते दार लावायचे एवढेच. कथा विसरली तरी कृती विसरली नाही, कारण कृती स्वयंपाकघरात होती आणि ती सासूकडून सुनेकडे जात होती.

वल्हांडणाचे उदाहरण बोलके आहे. या सणात आंबवलेले काही घरात ठेवायचे नाही, असा मूळ नियम. मिसर सोडताना कणीक आंबायला वेळ मिळाला नाही, ही त्यामागची कथा. पण कोकणातल्या माणसाच्या ताटात आंबवलेला पाव होताच कुठे? तांदळाची भाकरी आणि भात हेच त्याचे अन्न. पाव नसलेल्या घरात आंबण्याचा नियम लावायचा तर तो आंबट भांड्यालाच लागणार. म्हणून भांडे झाकले गेले. गव्हापावाच्या देशातला नियम भाताच्या देशात आला आणि त्याला धरायला जी एक वस्तू सापडली, ती त्याने धरली.

तिथी कोणी सांगितली?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पदार्थ लक्षात राहतो हे खरे, पण तिथी? हिब्रू पंचांग न वाचता तिश्रीची पहिली, चौथी, दहावी कशी ओळखायची?

हिब्रू महिने चांद्र आहेत आणि वर्ष सौर ऋतूंशी जुळवून घेतले जाते. त्यासाठी १९ वर्षांत ७ अधिक महिने धरतात. आपले पंचांगही तसेच : अमावास्येला महिना संपतो आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास येतो, म्हणजे १९ वर्षांत सुमारे ७. दोन्ही पद्धती एकाच चंद्रावर आणि एकाच प्रमाणावर चालतात. त्यामुळे तिश्रीची पहिली बहुतेक वर्षी आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या आसपास पडते आणि दहावी दसऱ्याच्या आसपास. २०२२ मध्ये योम किप्पूर आणि दसरा दोन्ही ५ ऑक्टोबरला होते. २०२४ मध्ये दोन्ही १२ ऑक्टोबरला. २०२५ मध्ये दोन्ही २ ऑक्टोबरला. पुरीम आणि होळी २४ मार्च २०२४ या एकाच दिवशी आले. २०२५ मध्ये वल्हांडणाची पहिली रात्र आणि हनुमान जयंती दोन्ही १२ एप्रिलला. आवची नववी २०२५ मध्ये श्रावण शुद्ध नवमीच्या दिवशी, ३ ऑगस्टला.

अधिक मास दोन्ही पंचांगांत वेगवेगळ्या वेळी येतो, म्हणून काही वर्षी महिनाभराचा फरक पडतो. २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण होता. त्या वर्षी योम किप्पूर २५ सप्टेंबरला आणि दसरा २४ ऑक्टोबरला आला. पण चंद्राची कला तीच राहते. चढत्या चंद्राची दशमी ती दशमीच.

म्हणजे गावात राहणाऱ्या तेल्याला वेगळ्या पंचांगाची गरज नव्हती. गावचा जोशी घटस्थापनेची तिथी सांगे, होळी कधी पेटणार ते सगळ्या गावाला ठाऊक असे. शेजाऱ्याच्या घट बसण्याच्या सुमारास आपला नव्याचा सण, शेजारी सोने लुटायला सीमेवर निघतो तेव्हा आपली दारे बंद, शेजाऱ्याच्या होळीला आपली 'होळी'. पुरीमला होळी हे नाव का पडले, याचे सोपे उत्तर इथे मिळते. केहिमकरांनी असे मांडलेले नाही. हे अनुमान माझे आहे आणि ते अनुमान म्हणूनच घ्यावे. पण या सणांची नावे, तिथी आणि ऋतू तिन्ही ज्या रीतीने एकमेकांशी जुळतात, त्याचे याहून साधे स्पष्टीकरण मला दिसत नाही.

शेतीचाही आधार होता. आश्विनात हळवे भात कापणीला येते. 'नव्याची पुनव' आपल्याकडे आहेच. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर नवे भात देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, ही रीत वारली-ठाकरांच्या घरांत होती आणि आहे. खिरीचा सण त्याच रांगेत बसतो. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरण्याची पद्धत आपल्या जिल्ह्यातही आहे. तो वाल वाळवून ठेवायचा आणि श्रावणात, भाजीपाला कमी असताना, भिजवून मोड आणून सोलायचा. श्रावणातल्या शोकदिनाला बिरडे आले ते या क्रमाने. जेरुसलेमच्या मंदिरासाठी हळहळताना ज्यूंनी साधे, मांसाशिवायचे अन्न खावे, ही परंपरा जगभर आहे. कोकणात त्या साध्या अन्नाला बिरडे म्हणतात.

काझी, मशीद, हातबोशी

शेजार फक्त हिंदूंचा नव्हता. मुरुड-जंजिऱ्याला सिद्दीची सत्ता होती, कोकणपट्टीत मुसलमान वस्ती जुनी होती. बेने इस्रायल एकेश्वरी, सुंता करणारे, मूर्ती न पूजणारे. त्यांनी आपल्या धर्मव्यवहारासाठी शब्द घेतले ते बहुधा या शेजाऱ्यांकडून. उपास म्हणजे 'रोजा', प्रार्थनास्थळ म्हणजे 'मशीद', धर्मकार्य चालवणारा तो 'काझी'.

काझीपदाची कथाही सांगण्यासारखी आहे. डेव्हिड राहबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला. हे लोक खरोखर इस्रायलाचे का, हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले. बाकीचे आम्ही खात नाही म्हणाल्या. राहबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतली तीन माणसे निवडून त्यांना शिकवले आणि काझी नेमले. हा राहबी कोण आणि कोणत्या शतकातला, यावर पुन्हा वाद आहेत. शापूरकर हे आडनाव वाचून ठाणे जिल्ह्यातल्या वाचकाला आपले शहापूर आठवेल. पण शहापूर नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. त्यांतले एक अलिबाग तालुक्यात आहे, आणि झिराडच्या जोडीने येणाऱ्या या नावाचे मूळ तिकडेच शोधणे सयुक्तिक.

माशांच्या कथेत ऐतिहासिक तथ्य किती, हे ठरवणे अवघड. तिच्यातला सामाजिक अर्थ मात्र सरळ आहे. कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या ज्या किनाऱ्यावर सर्वांत स्वस्त, तिथे त्या न खाणे हे रोजचे व्रत होते. आणि परीक्षा झाली ती पुरुषांच्या पाठांतराची नाही, बायकांच्या टोपलीची.

अभिवादनातही हा शेजार दिसतो. सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपली की बेने इस्रायल एकमेकांच्या हाताला हात लावतात आणि आपली बोटे ओठांशी नेतात. याला 'हातबोशी' म्हणतात. 'हात' आपला, 'बोसा' म्हणजे चुंबन हा फारसी. वडीलधाऱ्यांपासून सुरू होऊन ती रांगेने पुढे जाते. 'शालोम' किंवा 'शब्बाथ शालोम' हे जगभरचे अभिवादन आज त्यांच्या तोंडी आहेच, पण हातबोशी ही त्यांची स्वतःची.

आणि मलिदा. पोहे भिजवून त्यात गूळ किंवा साखर, खोबरे, वेलची, सुका मेवा घालायचा, भोवती फळे मांडायची, एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया संदेष्ट्याचे स्मरण करायचे, मग तो प्रसाद वाटायचा. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात पाऊल ठेवताना, परगावी जाताना मलिदा होतो. शब्द फारसी, पोहे कोकणी, संदेष्टा बायबलमधला. अलिबागजवळ खंडाळे येथे एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथे उतरला आणि त्याच्या खुणा दगडावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. शेवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे पौष किंवा माघ पौर्णिमेच्या सुमारास, तिथे यात्रा भरते. २०२४ मध्ये ही तिथी २५ जानेवारीला, पौष पौर्णिमेलाच आली. मुरबाड तालुक्यात म्हसोबाची म्हसे यात्रा सुरू होते ती याच पौर्णिमेला. भाताची कामे उरकून गावे मोकळी होतात, तो यात्रांचाच काळ.

पुस्तके आली

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. १८२६ पासून कोचीनहून ज्यू शिक्षक येऊ लागले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा निघाल्या. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. बायबल मराठीत आल्यावर आपल्याच पूर्वजांच्या कथा या समाजाने प्रथम मराठीतून वाचल्या. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. झाले उलटेच. मुले ज्यू धर्मात अधिक पक्की झाली.

मग सिनेगॉगे उभी राहत गेली : अलिबागला १८४८, पनवेलला १८४९, पेणला १८६३, ठाण्याला १८७९. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायचे 'हग्गादा' मराठी भाषांतरासह छापले गेले. त्यातल्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. बायबलच्या कथांवर मराठी कीर्तने रचली गेली. म्हणजे नवे ज्ञान आले तेही मराठीच्या अंगणातूनच.

या ज्ञानाने पुष्कळ दिले. ज्या कृतींची कारणे विसरली होती ती कळली. हनुक्का, सिम्हात तोरा हे माहीत नसलेले सण आले. त्याचबरोबर काही गेलेही. नव्याचा सण रोश हशाना झाला, दारफाळणी योम किप्पूर झाली. अनाशी ढाकण्याचा सण हा शब्द आता पुस्तकातच सापडतो. खिरीच्या सणाला तर जगाच्या ज्यू पंचांगात जागाच नव्हती. शुद्ध काय आणि मिसळलेले काय, अशी चाळणी एकदा हातात आली की घरातल्या गोष्टी चाळल्या जातातच. समाजाच्या आत 'गोरे' आणि 'काळे' इस्रायल असा भेद होता, लग्नव्यवहारात तो कडकपणे पाळला जाई, हेही इथे नोंदवले पाहिजे. शेजाऱ्यांकडून खीर आणि मेंदी आली, तशी उतरंडही आली.

इस्रायलच्या दारात

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे त्यांच्यापुढे एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मपीठाने फर्मान काढले, की बेने इस्रायल व्यक्तीचे इतर ज्यूशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. शतकानुशतके शास्त्र ठाऊक नसलेल्या समाजात विवाह आणि घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून, अशी ती शंका होती. ज्यांना कोकणात कोणी कधी 'तुम्ही शनवार तेली नव्हेच' असे म्हटले नव्हते, त्यांना 'तुम्ही ज्यू का?' हा प्रश्न ऐकावा लागला तो जेरुसलेममध्ये. समाजाने विरोध केला, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत असे जाहीर केले आणि पुढे धर्मपीठालाही आपला शब्द बदलावा लागला.

या वादात दोन तऱ्हेच्या पुराव्यांची गाठ पडली होती. एकीकडे कागद मागणारे शास्त्र, दुसरीकडे ज्यांच्याजवळ कागद नव्हताच अशा माणसांचा आचार. घाणा बंद ठेवणे, माशांचे खवले पाहणे, दार लावून उपास करणे, भांडे झाकणे, हाच त्यांचा दाखला. आचाराला पुरावा मानायचे की नाही, हा प्रश्न फक्त ज्यूंचा नाही. ज्यांचा इतिहास लिहिला गेला नाही अशा प्रत्येक समाजाचा तो आहे. जात पडताळणीच्या किंवा वनहक्काच्या कागदांसाठी तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटे घालणारा शहापूर-मुरबाडचा आदिवासी तो चांगला ओळखतो.

आज

२००१ च्या जनगणनेत सबंध भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास नोंदले गेले. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. गावांतली घरे बहुतेक बंद झाली. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये मात्र अजून चांगली उपस्थिती असते. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागतात. द्राक्षासव सहज मिळत नसे म्हणून मनुका भिजवून केलेल्या शरबतावर आशीर्वाद म्हणण्याची जुनी रीत घरोघर चालू आहे. दूध आणि मांस एकत्र करायचे नाही, या नियमामुळे मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध लागते, आणि ते कोकणात कधी कमी पडले नाही. तिकडे इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले. मलिदाही तिथे गेला आणि टिकला. जो संस्कार एकेकाळी परका, मिसळलेला म्हणून संशयाने पाहिला जाई, तोच आता भारतातून आलेल्या ज्यूंची खूण झाला आहे.

जुनी सणनावे मात्र वापरातून जात आहेत. त्यांची नोंद केहिमकरांनी केली म्हणून आपल्याला ती माहीत आहेत, पण नावामागचा तपशील, म्हणजे अनाशीत नेमके काय घालत, खिरीला कोणता तांदूळ, दारफाळणीच्या रात्री मुलांना काय सांगत, हे सारे जुन्या माणसांच्या स्मरणात आहे. ठाणे, पनवेल, अलिबाग, पेण इथल्या आणि अश्दोद, दिमोना इथल्या मराठी बोलणाऱ्या आज्यांना विचारून ते लिहून घ्यायला अजून थोडा अवधी आहे. हे काम धर्मशास्त्राच्या अभ्यासकाचे नाही. बिरड्याचे वाल कधी भिजत घालायचे हे ज्याला कळते अशा माणसाचे आहे, आणि तशी माणसे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत.